कौले परतायला मुलांना बोलवा

राजापूर तालुक्यातील एका सदुसष्ट वर्षांच्या ताईंचे पत्र आले आहे. पत्र मोठे असल्याने त्यातील मुख्य भाग थोडक्यात देते.

"आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, मंगलोरी कौलांचे, सासऱ्यांनी बांधलेले आहे. माझे यजमान प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले, वय त्र्याहत्तर. थोरला मुलगा डोंबिवलीला, मुलगी पुण्याला आणि धाकटा बंगळूरला असतो. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात मागच्या पडवीवरची कौले उडाली, तेव्हापासून घर गळतेच आहे. त्यात वानरांचा त्रास वेगळा. दरवर्षी हे स्वतःच शिडी लावून वर चढतात आणि मुलांना कळवू देत नाहीत. 'त्यांना त्यांचे व्याप आहेत,' म्हणतात. मीही मुले आली की त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाही. चार दिवस येतात, विसावा घेऊ दे, असे वाटते. यंदा चतुर्थीच्या दिवशी पंगत बसलेली असताना माजघरात पाणी ठिबकले आणि विषय निघाला. थोरला म्हणाला, कौले काढून पत्रे घालू. धाकटा म्हणाला, त्यापेक्षा एकदाच स्लॅब टाकू. मुलगी म्हणाली, मीही पैसे देते. त्यावर धाकटा म्हणाला, 'ताई, तू कशाला देतेस? तुझे घर आता वेगळे.' ती अर्धा मोदक पानात ठेवून उठली, आणि घरोघरी गौरी यायच्या दिवशी आमची लेक निघून गेली. पूर्वी आम्ही सगळे एका वेळी जेवत असू. आता नातू ताट घेऊन खोलीत जातो, मुलगे मोबाइल बघत जेवतात, मी आणि सून मागाहून जेवतो. मुले पाहुण्यासारखी येतात आणि जातात. घराच्या बाबतीत कोणाचे ऐकावे, आणि सगळ्यांना पुन्हा एका पंगतीत कसे बसवावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

मुले पाहुण्यासारखी येतात, हे आपले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, आणि मग त्याच पत्रातील आधीची दोन वाक्ये वाचली: यजमान गळतीचे मुलांना कळवू देत नाहीत, आणि आपण त्यांना काडी उचलू देत नाही. पाहुण्याला आपण हेच तर करतो. त्याला घरातील अडचण सांगत नाही, त्याच्या हाताला काम लागू देत नाही, तो येण्याआधी घर झाडून-पुसून ठेवतो आणि तो जेवल्यावर आपण जेवतो. हे आपण दोघांनी प्रेमापोटीच केले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु वीस वर्षे पाहुणचार घेतलेल्या माणसाला घरचा भार उचलायचे सुचत नाही, आणि सुचले तरी कोठून हात घालावा हे त्याला कळत नाही. म्हणून तो जेवता जेवता वर बघतो आणि 'पत्रे घाला' किंवा 'स्लॅब टाका' असे परक्या घराविषयी सांगावे तसे सांगतो. आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला एकच दिसते, आणि ते मी सविस्तर लिहिते.

त्याआधी मात्र एक गोष्ट, जी थांबवायला मे महिन्याची वाट बघू नये. यजमानांनी यापुढे कौलांवर चढू नये. त्यांना तंत्र माहीत नाही म्हणून मी हे म्हणत नाही. पाय कौलाच्या मध्यावर न देता जेथे खाली रीप, म्हणजे कौल ज्यावर टेकते ती आडवी लाकडी पट्टी, आहे तेथेच द्यावा, हे त्यांना तुमच्यामाझ्यापेक्षा चांगले कळत असणार. पण ती रीप आतून वाळवीने पोखरलेली असली तर वरून तिचा रंगही बदललेला दिसत नाही, आणि शेवाळ धरलेल्या कौलावर त्र्याहत्तराव्या वर्षी तोल सावरायला लागणारा क्षण शरीर देत नाही. त्यांना 'तुमचे वय झाले' असे सांगू नका. ज्या माणसाने सगळी वर्षे घर कोरडे ठेवले त्याला ते फार लागेल. त्याऐवजी म्हणा, "अहो, या घराचे लाकूड कुठले, कुठे कधी बदलले, पाणी कुठून शिरते, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वर गेलात तर खाली मुलांना दाखवणार कोण?" हे त्यांची समजूत काढण्यासाठी म्हणायचे नाही, ते खरेच आहे. त्यांनी अंगणात खुर्ची टाकून बसावे आणि चढणाऱ्याला सांगावे, हेच पुढच्या काळात त्यांचे काम आहे.

आता छपराविषयी. कोणाचे ऐकावे, असे आपण विचारता. माझे मत असे की सध्या कोणाचेच ऐकू नये, कारण पंगतीत मत देणाऱ्यांपैकी कोणीही छपराचे लाकूड जवळून पाहिलेले नाही. कौलारू घराचा निर्णय कौलांवरून करायचा नसतो, खालच्या लाकडावरून करायचा असतो. वाशांची पागोळीकडची टोके आधी पाहावीत, कारण पाणी तेथेच सर्वांत जास्त लागते. मग भिंतीत गेलेली टोके, मग दोन उतार जेथे मिळतात तेथील पन्हळीखालचे लाकूड. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. चांगल्या लाकडात ते शिरत नाही, कुजलेल्यात सहज रुतते, आणि वाळवी लागलेला वासा हातोडीने ठोकला तर पोकळ वाजतो. भिंतीवरून चढणाऱ्या मातीच्या बारीक रेषा दिसल्या तर त्या पुसून टाकू नका, त्या कोठे जातात ते पाहा. एका माहितगार सुताराला सोबत घेतले तर अर्ध्या दिवसात सगळे घर पाहून होते.

लाकूड बहुतेक ठिकाणी चांगले निघाले, तर कौले परतणे (म्हणजे उतरवून, साफ करून पुन्हा नीट लावणे), फुटकी बदलणे आणि खराब रीपा नव्या घालणे एवढ्यावर भागते. कौले विकत घेताना एक काळजी घ्यावी लागते. मंगलोरला १८६५ साली बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने या कौलांचा पहिला कारखाना काढला, आणि नंतर किनाऱ्यावर अनेक कारखाने निघाले. प्रत्येकाची खाच आणि माप किंचित वेगळे. एकाचे कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही, फट राहते आणि नेमके तेथूनच पाणी येते. आपल्या घरावरचे एक कौल उलटे करून पाठीवरचे नाव वाचा आणि त्याच नावाची कौले शोधा. नवी मिळाली नाहीत तर पाडलेल्या घरांची जुनी कौले आपल्या भागात विकत मिळतात, आणि ती अनेकदा नव्यांहून पक्की असतात. कदाचित वादळानंतर घाईने आणलेली कौले दुसऱ्या मापाची असतील आणि म्हणूनच मागची पडवी इतकी वर्षे गळत असेल. हे आधी तपासून पाहावे.

धाकट्या चिरंजीवांच्या स्लॅबविषयी मात्र मी स्पष्ट लिहिते. पाच इंची स्लॅबचा एक चौरस मीटर तीनशे किलोंहून जास्त भरतो. तेवढ्याच जागेवर पंधराएक कौले बसतात आणि लाकूड सोडून त्यांचे वजन चाळीस किलोंच्या आसपास असते. सासऱ्यांच्या काळातील चिऱ्यांच्या भिंती पुष्कळदा मातीत बांधलेल्या असतात, त्यांच्या हिशेबात हे वजन कधीच नव्हते. अभियंत्याने पाया आणि भिंती पाहून, खांब उभे करून आराखडा दिल्याशिवाय अशा घरावर स्लॅब टाकू नये. थोरल्याचे पत्र्यांचे म्हणणे मी इतक्या सहज बाजूला ठेवणार नाही. वानरांनी कौले उचकटली की घरमालक किती हतबल होतो हे मला माहीत आहे, आणि ज्यांनी पत्रे घातले त्यांना मी नावे ठेवत नाही. पण पत्र्याखाली चैत्र-वैशाखात घर तापते, आषाढात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, खाऱ्या हवेने गंज चढतो, आणि नीट न आवळलेले पत्रे वादळात कौलांपेक्षा जास्त दूर उडतात. लाकूड पाहिल्यावर कदाचित मागच्या पडवीपुरते पत्रे आणि मूळ घरावर कौले असा मार्ग निघेल; पण हे ठरवायचे ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्यानंतर.

म्हणून माझे म्हणणे असे: पुढच्या मे महिन्यात, मृग लागायच्या पुष्कळ आधी, वळवाच्या सरींचीही वाट न बघता, पहिल्या पंधरवड्यात तीन दिवस ठरवा आणि तिन्ही मुलांना त्या कामासाठी बोलवा. 'सुट्टीत या, आंबे खायला या' असे सांगू नका. कौले परतायची आहेत, म्हणून या, असे सांगा. वर चढणारी माहितगार माणसे मजुरीने घ्यावीच लागतील. आता ती सहज मिळत नाहीत, म्हणून होळी झाली की त्यांना सांगून ठेवा. मुलांनी छपरावर जाण्याची गरज नाही. खाली पुष्कळ काम असते: उतरवलेली कौले हातोहात घ्यायची, शेवाळ खरवडायचे, प्रत्येक कौल टिचकी मारून वाजवायचे, खणखणीत वाजेल ते एका बाजूला आणि बद्द वाजेल ते दुसऱ्या बाजूला लावायचे, रीपा मोजायच्या, नव्या रीपांना वाळवीचे औषध लावायचे. माझ्या माहेरी दर वैशाखात कौले परतत असत. मी बारा-तेरा वर्षांची असताना शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून कौले पुढे देत असे. एका कौलाचे वजन दोन-अडीच किलो असते हे मला पुस्तकातून कळलेले नाही. दुपारपर्यंत तळहात लाल होत, आणि आषाढात पहिला मोठा पाऊस पडला की मी घरभर फिरून वर बघत असे, कारण त्यातील काही कौले माझ्या हातून गेलेली असत. आपल्या नातवाला हे एकदा मिळू द्या. तो नाराजीनेच येईल, पहिला दिवस तोंड फुगवून बसेल. त्याला समजावत बसू नका, त्याच्या हातात कौले वाजवायचे काम द्या.

या तीन दिवसांतच पंगतीचा प्रश्नही सुटायला सुरुवात होईल, असे मला का वाटते ते सांगते. काम चालू असलेल्या घरात जेवण वेगवेगळ्या वेळी होऊच शकत नाही. कामाची माणसे उतरतात तेव्हा सगळेच हात धुतात आणि सगळेच भुकेले असतात. त्या दिवशी आपण काही खास करू नका. सकाळी न्याहारीला पेज आणि लोणचे, दुपारी कुळथाची पिठी, भात, भाजलेला पापड, फणसाची भाजी आणि सोलकढी. कामाची माणसे आणि घरची माणसे यांना एकच जेवण, एकाच पडवीत. वाढायचे काम मुलांनी करायचे, आणि आपण व सूनबाईंनी पहिल्या पंगतीला बसायचे. यातील शेवटची गोष्ट आपल्याला सर्वांत जड जाईल हे मी जाणते. आपण पानावर बसल्यावर उठून आतून काहीतरी आणावे असे दहा वेळा वाटेल. उठू नका. मुलाला पिठी कुठल्या पातेल्यात आहे ते बसल्या जागेवरून सांगा. एकदा त्याला स्वयंपाकघरातील पळी कुठे टांगलेली असते हे शोधावे लागले की पुढच्या वेळी तो विचारणार नाही.

आपण लिहिता की आपण मुलांना विसावा मिळावा म्हणून काही करू देत नाही. त्यात एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटली आहे: तो विसावा फक्त मुलग्यांना मिळतो. सूनबाई नोकरी करून, रात्रभर प्रवास करून येतात आणि आपल्यासोबत मागाहून जेवतात. त्यांनी आपल्याकडे कधी तक्रार केली नसेल, आणि तो त्यांचा चांगुलपणा आहे. पण मुलग्यांना मोकळे ठेवण्याची किंमत आपण आणि त्या, अशा दोघी मिळून देत आहात. पुढच्या गणपतीत मोदकांची पारी मुलांनाही करू द्या. त्यांचे मोदक फुटतील, काहींना पाचच कळ्या पडतील. ते नैवेद्याला नको असे वाटले तर नैवेद्याचे एकवीस आपण वेगळे करा आणि बाकीचे त्यांच्या हातचे खा. सगळ्या जेवणांना सगळे एकत्र हवेत असा आग्रह मात्र धरू नका. सकाळची न्याहारी ज्याची त्याने उठेल तेव्हा घ्यावी, रात्रीचे जेवण मात्र एकत्र. ताट खोलीत न्यायचे नाही आणि मोबाइल ओटीवर ठेवून यायचे, हा नियम नातवाला लागू करण्याआधी त्याच्या वडिलांना लागू करा, नाहीतर तो टिकणार नाही.

आणि पानावर बसल्यावर घर, पैसे आणि वाटणी यांविषयी कोणी बोलायचे नाही. बोलायचे असेल तर दुपारचा चहा झाल्यावर ओटीवर बसून, वही समोर ठेवून बोलायचे. यजमान शिक्षक होते, हिशेब लिहिण्याची त्यांना सवय असणार. आजवर घरावर काय खर्च झाला, कोणत्या वर्षी किती कौले बदलली, सुताराला काय दिले, हे त्यांनी आठवेल तेवढे एका वहीत लिहावे आणि मुलांना वाचू द्यावे. आपण किती ओढले आहे हे दाखवण्यात त्यांना संकोच वाटेल, पण मुलांना आकडा माहीत नसल्यामुळेच त्यांच्या तोंडी 'एकदाच काय ते करून टाकू' अशी भाषा येते. पुढच्या खर्चासाठी वर्षातून एकदा मोठी रक्कम मागण्यापेक्षा तिघांनी दर महिन्याला आपल्या ऐपतीप्रमाणे थोडी रक्कम आपल्या दोघांच्या नावावरील वेगळ्या बचत खात्यात टाकावी. तिघांची रक्कम सारखी असण्याची गरज नाही; प्रत्येकाचे नाव वहीत असणे गरजेचे आहे. पैसे जास्त दिले म्हणून कोणाचा शब्द मोठा होणार नाही, हे यजमानांनी पहिल्याच बैठकीत स्वतःच्या तोंडाने सांगावे.

त्या वहीत मुलीचे नाव असलेच पाहिजे. 'तुझे घर आता वेगळे' हे वाक्य तिला इतके का लागले असेल, याचा विचार करा. पूर्वी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात असे एक कलम होते की वडिलांच्या राहत्या घरात भाऊ राहत असतील तर मुलीला त्या घराची वाटणी मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकले. आज वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर त्यांच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे आणि मुलगी यांचा हक्क सारखा असतो. मुलगी हक्क मागायला उठली होती असे मी म्हणत नाही. ती पैसे द्यायला उठली होती, आणि तिला ते देण्यापासूनही अडवले गेले. याच संदर्भात एक व्यवहाराची गोष्ट: घरपट्टी अजून सासऱ्यांच्या नावाने येत असेल तर वारस नोंद करून घ्या, आणि यजमानांच्या मनात घराविषयी काही निश्चित इच्छा असेल तर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून ठेवा, त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. केवळ दुरुस्तीला पैसे दिल्याने मालकी मिळत नाही, हेही तिघांना आधीच माहीत असू द्या, म्हणजे पुढे कोणाच्या मनात किल्मिष राहणार नाही. सासऱ्यांना इतर वारस असतील तर हे सगळे करण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

धाकट्याशी आपण स्वतः बोला, भावंडांसमोर नव्हे आणि फोनवरही नव्हे, तो एकटा भेटेल तेव्हा. त्याला वाईट ठरवू नका. माझा अंदाज असा की त्याला बहिणीवर भार पडू नये असेच म्हणायचे होते आणि त्याच्या तोंडी लहानपणापासून ऐकलेले शब्द आले. ते शब्द त्याने कोठे ऐकले, हे आपल्यालाच माहीत असेल; आपल्याच घरात कोणी मुलीला 'तू परक्याचे धन' असे गमतीने म्हटले असेल, तर तेही त्याच्याजवळ कबूल करा. मग एवढेच सांगा: "त्या दिवशी ताई न जेवता उठली. तू तिला फोन कर." माफी कशी मागायची, काय बोलायचे, हे त्याच्यावर सोडा.

यजमान या सगळ्याला आधी नाही म्हणतील. मुलांवर भार टाकायचा नाही हा त्यांचा स्वाभिमान आहे आणि तो मोडू नये असे मलाही वाटते. त्यांना विचारा, की त्यांच्या वडिलांनी त्यांना कौले कशी परतायची ते कधी शिकवले, आणि तेव्हा त्यांना तो भार वाटला होता का. उत्तरासाठी त्यांना वेळ द्या, दोन दिवस लागले तरी चालेल.

आणि मुलांना कळवताना पहिला फोन मुलीला करा, मुलग्यांच्या आधी. पैशांविषयी काही बोलू नका, चतुर्थीचा विषयही आपण होऊन काढू नका. मे महिन्यात कौले परतायची आहेत, बाबा आता वर चढणार नाहीत, तुला कोणत्या तारखेला निघता येईल, एवढेच तिला विचारा आणि ती जी तारीख सांगेल ती इतर दोघांना कळवा.